साडेतीन मीटर

सातपूरला माझं काम मोजण्याचं.
गेज लावतो, काटा बघतो,
दोन मायक्रॉन इकडेतिकडे झाले
की शाफ्ट लाल ट्रेमध्ये.
आठवड्याचे सहा दिवस.

सातवा चापडगावच्या काठावर, पालथा.
निफाडच्या थंडीत बोटं बटण विसरतात.
द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर
पाण्यावर आडवा झोपलेला,
आणि त्याच्या वर कवड्या खंड्या,
हवेत एका जागी, खिळा ठोकल्यासारखा,
पंख हलताहेत म्हणूनच पक्षी.

शटर दोन हजार. आयएसओ वाढवलेला.
लेन्सखाली गव्हाची पिशवी,
मंजिरीनं माझ्या जुन्या जीन्सची शिवलेली.
श्वास अर्धा सोडून अर्धा ठेवलेला.
कडकडकडकड.

घरी येऊन पडद्यावर मोठं करतो:
मागचं लव्हाळं, धारदार.
चोचीवरून उडालेला थेंब, धारदार.
डोळा, कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा.
एका रविवारचे अकराशे चाळीस फोटो,
ठेवले तीन,
त्यातले दोन नुसत्या हट्टानं.

चारोस्कर गाईड म्हणतो,
"दहा वाजले साहेब, आता झाकण लावा.
ऊन चढलं की पाण्यावरची हवा नाचती.
लाखाची लेन्स असू द्या नाहीतर पाच लाखाची,
ती नाचच टिपणार."
त्याच्या दुर्बिणीची उजवी काच फुटलेली.
डाव्या डोळ्यानं तो सांगतो
पल्याडच्या खुंटावर बसलाय तो नर.
"छातीवर दोन पट्टे. मादीला एक."
मी फोटो काढून, मोठा करून खात्री करतो.
दोन असतात.

गेल्या रविवारी पिशवीची शिवण उसवली.
गहू मातीत, बाहीत, बुटात.
गोळा करायला वळलो
तर हातभर अंतरावर चिमणी.
साधी, घरातली,
जिच्यासाठी कुणी पहाटे चारला उठून
गाडी काढत नाही.

सवयीनं लेन्स फिरवली.
ती घरघरली, पुढं गेली, मागं आली.
साडेतीन मीटरच्या आतलं तिला दिसत नाही.
चौकटीत एक तपकिरी ढग,
दाणे टिपणारा.

कॅमेरा बाजूला ठेवला.
चोचीच्या कडेला अडकलेलं फोलपट.
डोळ्यामागं ओढलेली फिकट रेघ.
डोळ्यात पांढरा ठिपका, ते आभाळ,
आणि ठिपक्याच्या बुडाशी काळं काहीतरी,
मी असणार.
गेज लावलं असतं तर पास.

"कसे आले फोटो?" मंजिरी विचारते.
मी रिकामी पिशवी पुढं करतो.
"आणि गहू?"
"संपले."
ती काही बोलत नाही.
दिव्याखाली सुई धरते,
एक डोळा मिटते, दोरा ओला करते,
पहिल्यांदा चुकतो,
दुसऱ्यांदा चुकतो,
मान जराशी मागं घेते.