वसमत, जनरेटरच्या आधी

साडेआठशे रुपयांना घेतलं मी हे ॲप,
त्यातले सहाशे आईनं दिलेले, तिच्या चष्म्यासाठी.
चष्मा पुढच्या महिन्यात.
या महिन्यात मला एका जपानी सिंथचा
हुबेहूब आवाज पाहिजे होता,
मी जन्मायच्या अठरा वर्षं आधी
कारखान्यानं बनवायचा बंद केलेला.

चित्र बघा तरी त्याचं:
दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, लाकूड नसलेल्या.
कोपऱ्यांत चार स्क्रू,
जे कुणी कधी पिळणार नाही.
एका स्क्रूवर तर गंज काढलाय,
कुणीतरी बसून, मन लावून, एकेक ठिपका.
मी त्या गंजावर फिदा.

हिंगोलीत हा सिंथ खरा वाजवलेला माणूस एकच.
रोहिदास खिल्लारे, तहसीलसमोर झेरॉक्स.
ऑर्केस्ट्रात होते पंधरा वर्षं.
अजून सातबाऱ्याच्या प्रती मोजताना
चौथ्या कागदाला अंगठा जरा जोरात पडतो.

दुपारी लाइट गेली, मशीन थांबलं,
तेव्हा मी मोबाइल पुढं सरकवला.

त्यांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला, मग माझी काच.
एक सूर दाबला. दोन. तीन. चार.
पाचवं बोट हवेत.
"दाबा की," मी म्हणलं.
"पाचवा दाबला की पहिला मरतो."
"ह्याच्यात नाही मरत."
दाबला. पाचही जिवंत.
सहावा. सातवा.
दोन्ही हात काचेवर मावेनात,
करंगळीवर करंगळी चढली,
आणि हा पासष्टीचा माणूस असा हसला,
जसं एका तिकिटावर अख्खं घर आत नेल्यावर
कुणी हसतं.

मग मी माझं लाडकं बटण दाखवलं.
त्याच्याखाली इंग्रजीत लिहिलंय, वय.
उजवीकडं फिरवलं की सूर हळूहळू जागा सोडतात,
काही पडतात, काही चढतात,
ताप आल्यासारखे, झोप न झाल्यासारखे.
मी ते कायम शंभरावर ठेवतो.
माझ्या सगळ्या ट्रॅकचा जीव त्यात.

हसू गेलं.
"हे मुद्दाम ठेवलंय? विकत मिळायलंय हे?"

मे महिना, औंढा, पत्र्याचा मांडव.
बर्फाची लादी, लादीवर पोतं,
पोत्यावर पाट, पाटावर तो.
तरी तिसऱ्या गाण्याला सूर सोडायचाच.
कुमुदबाई गाता गाता वळून बघायच्या,
नुसत्या बघायच्या.
"पब्लिकला वाटायचं माझंच बोट चुकलं.
पंधरा वर्षं, पोरा.
पब्लिकला वाटायचं माझंच बोट चुकलं."

आणि नखात झेरॉक्सची शाई असलेल्या त्याच बोटानं
वय शून्यावर आणलं.

दारात कुणीतरी आधार कार्ड घेऊन ताटकळलेलं.
ते वाजवत राहिले.
सरळ, स्वच्छ आवाज,
मला विचाराल तर आळणी.
कुमुदबाई असत्या तर
मागं न बघता गायल्या असत्या.

लाइट आली. मशीननं घसा खाकरला.
"सेव्ह करू का? नाव द्यावं लागतं."
आधारवाल्याचे दोन रुपये गल्ल्यात टाकत म्हणाले,
"वसमत. जनरेटरच्या आधी."

वसमतचं रात्री आईकडून कळलं,
ती डाळ निवडत होती, ताट डोळ्यांजवळ धरून.
कुणाचं तरी लग्न, जनरेटर बिथरला,
सिंथमधून धूर निघाला.
लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग.
टाळ्या वाजवल्या.

मी यादी उघडली.
माझे बेचाळीस आवाज, सगळे म्हातारे,
आणि खाली हा एक.
बटणावर बोट ठेवून बसलो.
फिरवलं नाही.
फिरवलं, खरं सांगतो, थोडंसं,
मग परत शून्यावर आणलं.