खुलासा

मनामा. अकरावा मजला. रात्रीचे साडेनऊ.
बाहेरची हवाच एकोणचाळीस,
तरी लोक गरम पाण्यात बसायला वर येतात.
मी टॉवेल देतो.

पाटी दोन भाषांत. तिसरी माझ्या डोक्यात:
पंधरा मिनिटं, पुरे.
पिऊन आलात तर नुसतं काठावर बसा.
मुलींनो, केस वर बांधा,
तळाची जाळी ओढून घेते, सोडत नाही.

उन्हवऱ्याच्या कुंडाशी सोनबादादा बसायचा,
ना घड्याळ, ना थर्मामीटर.
म्हणायचा, "ऊठ रे.
पाणी गोड लागायला लागलं
की समज, शिजायला लागलास."

परवा एक पाहुणा. एकटाच.
डोळे मिटलेले, ओठांवर हसू,
हनुवटी पाण्याला टेकलेली.
पाहुण्याला हात लावायचा नाही, असा नियम.
मी 'सर' म्हणालो. दोनदा.
तिसऱ्यांदा तोंडातून निघालं, "ऊठ रे!"
आणि बखोट धरून ओढला वर.
फरशीवर बसून तो ओकला.
मग पाणी मागितलं. प्यायचं.

मॅनेजरला लेखी खुलासा हवाय:
हात का लावला, आवाज का चढवला.
तीन दिवस कोरा कागद खिशात,
घामानं घडीवर विरत चाललाय.
'त्याला पाणी गोड लागत होतं'
एवढंच लिहायचं आहे,
इंग्रजी सापडत नाही.

आज काटा एक्केचाळीसवर.
कोणी नाही बघून
मी तो तीन घरं खाली आणतो.
याचाही खुलासा लागेल बहुतेक.