तीन विसा नि चार

माझ्याकडे अकरा गावं आहेत आणि एक स्कूटी.
बोरटेक त्यातलं शेवटचं.
नाला ओलांडला की मोबाइलच्या कांड्या जातात,
मग मीच काय ते नेटवर्क.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला.
पुरुष खुर्च्यांवर, बाया दाराशी, चपलांजवळ.
रुंद सरी, बीजप्रक्रिया, अनुदानाच्या बियाण्याची पिशवी...
पाचव्या स्लाइडला लाईन गेली
आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

दाराशी बसलेली वच्छला टेकाम तेवढी उठली नाही.
"बाई, थ्या पिशवीचं सांगा."
सातबारा?
"दिराच्या नावानं हाये."
मोबाइल?
"पुतण्याजवळ. तो चाकणले."
म्हणजे ओटीपी चाकणला वाजणार,
कंपनीच्या लॉकरमध्ये,
आणि पाळी सुटायच्या आत शिळा होणार.
मी फॉर्म बंद केला.
पिशवीत उरलं होतं एक जुनं गोणपाट.

याला कागद लागत नाही, म्हटलं.
घरचं सोयाबीन आणा,
न निवडता, हाताला येईल तसं.
शंभर दाणे. दहाच्या दहा ओळी.
ओळी तिनं मांडल्या, पण मोजलं विसांनी,
अंगठ्यानं बोटांची पेरं दाबत.
पाच विसा झाल्यावर माझ्याकडे पाहिलं,
जणू शंभर हा माझाच हट्ट होता.

भिजवा, गुंडाळा, सावलीत ठेवा,
सात दिवस ओलं राहू द्या.
"सात दिवस?"
मे महिना. हापशी दोन गुंडांनंतर नुसती हवा ओकते.
मला पुस्तकातलं वाक्य पाठ होतं:
आवश्यकतेनुसार पाणी शिंपडावे.
कुठलं पाणी, ते पुस्तकात नव्हतं.
ती काही बोलली नाही.

आठव्या दिवशी गेले.
उन्हातून आत शिरल्यावर आधी काहीच दिसेना,
मग दिसला माठ,
तिवईखाली आडवी ठेवलेली गुंडाळी,
आणि माठाच्या बुडाशी जमून, थांबून,
तिच्यावर सुटणारा एक एक थेंब.
"पेयाचं पाणी काई कमी नाई झालं," ती म्हणाली,
"त्याले तं तसाबी घाम येते."

मोजलं.
तीन विसा नि चार.
सत्तर उगवले असते तर एकरी तीस किलो,
सहा कमी, म्हणून तीन किलो वाढवा.
शेणानं सारवलेल्या भुईवर मी काडीनं हिशेब लिहिला.
ती चुलीकडे गेली ते त्याला वळसा घालून.
न उगवलेले छत्तीस कोंबड्यांना.
उगवलेल्या चौसष्टांना तेल, तिखट, मीठ,
वाटीच्या तळाशी जेमतेम.
निकाल मी चावून खाल्ला.

कार्यालयात नोंद केली: प्रात्यक्षिक, एक.
लाभार्थीच्या रकान्यात गट नंबर टाकल्याशिवाय
संगणक पुढे सरकेना.
शून्य टाकलं. सरकला.

पुढच्या उन्हाळ्यात उरलेल्या दहा गावांत
मी माठाखालची जागा दाखवत फिरले.
एका गावात एक म्हातारा म्हणाला,
हे तं कोणीबी सांगितलं असतं.
खरं आहे. सांगितलं एकीनं.
तालुक्याच्या बैठकीत स्लाइडच्या तळाशी लिहिलं,
स्रोत: वच्छला टेकाम, बोरटेक.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"कोणत्या विद्यापीठाच्या या?"
नाल्यापलीकडच्या, म्हटलं.
त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

परवा आठवडी बाजारात ती भेटली.
नवा माठ घेत होती, बोटानं टिचकी मारून,
कान लावून, तिसरा की चौथा.
यंदा चार विसाच्या वर उगवलं म्हणाली,
कोठी आता भिंतीपासून हातभर सरकवली.
पैसे दिले. माठ डोक्यावर घेतला.
दोन पावलं गेली आणि
मान न वळवता, माठासकट अख्खी वळली,
"बाई, थ्या पिशवीचं काय झालं?"