पाण्याची वही

हेदवझरात पाणी मी वाटतो.
म्हणजे रात्री पाटाच्या तोंडाशी कंदील घेऊन बसतो,
केळीच्या सोपांचा बोळा काढतो, घालतो
आणि वहीत लिहितो :
कोणाचं कुळागर, किती घटका.

यंदा फाल्गुनात वहीत नवं नाव चढलं :
भिंत.

देवळाच्या उत्तरेच्या भिंतीवर
नवसू च्यारी काव काढणार होता.
पांढऱ्या चुन्यावर तांबडा गिलावा,
तो ओला आहे तोवर लोखंडी कंट्यानं खरवडायचा,
म्हणजे खालचा पांढरा वर येतो :
मोर, कमळ, वेलबुट्टी, काय हवं ते.
वाळला की संपलं.
मग नुसती तांबडी भिंत,
आणि गावाला वर्षभर बोलायला विषय.

देवळाची तळी शिमग्याआधीच तळ दाखवून बसलेली.
"वणटीक सात राती उदक जाय," नवसू म्हणाला,
माझ्याकडे नाही, पाटाकडे बघत.

मांडावर गाव जमला.
पोफळींच्या झावळ्या तेव्हा पिवळ्या पडायला लागल्या होत्या,
जो तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता.
सुरंगी माजिक मागे, खांबाला टेकून,
कोयत्याच्या मुठीवरची माती नखानं काढत म्हणाली,
"माझ्या चार घ्या."
का, ते कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तिनं सांगितलंही नसतं.
एक रुजारनं दिली. "अननसाला घाई नसते," म्हणाला.
उरलेल्या दोन
मी इकडून तिकडून काढल्या,
याची पाव घटका, त्याची पाव घटका.
हे वहीत नाही.

रुजार खालच्या नदीवरून
शिंपल्यांचा भाजलेला चुना आणायचा,
स्कूटरच्या पायाशी खताची जुनी पोती,
चेहरा पांढरा, भुवया पांढऱ्या,
नाटकात ऋषी व्हायला निघाल्यासारखा.
पोतं उतरलं की म्हाताऱ्या आपापली डबी पुढे करायच्या.
भिंतीला जो चुना, तोच पानाला.
नवसू कुरकुरायचा
आणि स्वतःची डबी सगळ्यात आधी भरून घ्यायचा.

रात्री मी पाणी तळीकडे सोडायचो.
ओळखीच्या वाटेनं जायची सवय त्याला,
सुरंगीच्या बांधाशी येऊन थबकायचं,
फावड्यानं वळवावं लागायचं.
पलीकडे अंधारात
एकशेचाळीस पोफळी उभ्या.
मी तिकडे कंदील धरत नसे.

सातव्या दिवशी उन्हं कलताना सुरंगी आली.
हात कमरेवर, भिंतीसमोर बराच वेळ.
मोराकडे तिचं लक्ष नव्हतं.
"ही कसली वेल?"
"मिरी," नवसू म्हणाला. "पोफळीवर चढलेली."
"मिरी अशी चढते?
हिला मुळं कुठं आहेत? पेरापेराला मुळं असतात,
त्यांनी धरते ती.
ही तर सुतळीनं बांधल्यासारखी दिसते."

च्याऱ्यांच्या चार पिढ्यांनी तीच वेल काढली असणार,
सुतळीनं बांधल्यासारखी.
नवसू काही बोलला नाही.
कोपऱ्यात हातभर गिलावा अजून ओला होता.
त्यानं कंटा धोतराला पुसला
आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरला.

तिनं आधी तो उलटा धरला, कोयत्यासारखा.
मग सरळ.
मग एक पेर, त्याला तीन मुळं,
दुसरं पेर, मुळं चार,
एक ओरखडा फार खोल गेला, खालचा दगड दिसला,
ती "आगे सायबा" म्हणून थांबली.
"असू दे," नवसू म्हणाला. "हात थांबवू नको, वाळतंय."

आता ती वेल तिथं आहे.
वरची गुळगुळीत, देवळात शोभेल अशी,
खालची हातभर, जाड, वेडीवाकडी,
दगडाला धरून बसलेली.
बाहेरून येणारे मोराचे फोटो काढतात.

सुरंगीच्या अकरा पोफळी गेल्या.
तिनं त्या तोडून पन्हळी केल्या, दोन मला दिल्या,
पाटाच्या फुटक्या जागी घालायला.

वहीत शेवटची ओळ अशी आहे :
सात रात्री. भिंत.
परतफेड, या रकान्यात
मी अजून काही लिहिलेलं नाही.