शिडीची तिसरी पायरी

दुकान निरीक्षक यवतमाळहून येणार
हे शेठले आदल्या रात्रीच समजते.
मंग सकाळी आमाले बसाले स्टूल भेटतात,
निळे, वरची पन्नी न काढलेले.

वाळूच्या बादलीतल्या खर्र्याच्या पन्न्या मी वेचल्या.
औषधाच्या पेटीत उदबत्तीचा पुडा होता,
तो काढून शेठनं तिथं पट्टी ठेवली. एकच.

साहेब तसा भला माणूस.
रजिस्टरवर बोट फिरवलं, चहा अर्धा ठेवला,
मले विचारलं, "बाई, बसायला मिळतं ना?"
मी बसूनच होती.
काय सांगू? हो म्हटलं.

सही झाली. पेन खिशात गेला.
जाता जाता म्हणे,
"ती वरची जांभळी दाखवा, पोरीसाठी."

मी चढली.
दुसरीवरून पाय सीधा चौथीवर,
रोजच्यासारखा, न पाहता.
साहेब माह्या पायाकडं पाहून रायले होते.

"मधली पायरी कुठं गेली?"

शेठ हासला. म्हणे, जुनी शिडी हाय, साहेब.

जांभळी हातात धरून
मी वरूनच सांगतलं,
"मागच्या पोळ्याले गेली.
इंदूच्या कमरेसंग."

पंख्याचा आवाज तेवढा.
साहेबानं रजिस्टर परत उघडलं,
पेन झटकला, चालेना.

मी खाली उतरली
अन् बिलाचा माहा पेन त्यायले देला.