चौदा मिलिमीटर

नार्व्याची फेरी सोडून दिवाडीवर उतरेपर्यंत
माझी करंगळी मेलेली असते.
मानेत खिळा.
उजव्या गुडघ्यामागच्या खोबणीत
कुणी बारीक कानस चालवतंय.

कायतान सायकलकडे नाही, आधी माझ्याकडे बघतो.
"बस. भिंतीला धर. उलटं पेडल मार."
मग कपेलाशी काम करणाऱ्या गवंड्याचा
ओळंबा मागून आणतो,
गुडघ्याच्या वाटीपासून दोरी सोडतो.
पितळी लोलक हलतो, हलतो,
पेडलच्या आसापुढे दोन बोटं जाऊन थांबतो.

"कुणाची ही?"
भावाची. प्रेमानंद बोटीवर असतो.
"मग तू त्याच्याच पायांनी चालवतेस."

सीटच्या दांड्यावर पांढरी रेघ, त्यानं ओढलेली.
चार वर्षं पाळली मी ती:
कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे,
हात असे ताणलेले
की दुसऱ्याच्या फडताळात वरचा डबा शोधतेय.

अ‍ॅलन की कुरकुरली.
सीट चौदा मिलिमीटर खाली,
तिचं झुकलेलं नाक सरळ,
स्टेम आखूड, जुन्या डब्यातला, थोडा गंजका.
रेघ नळीत गेली.
पुसली नाही कुणी. आत गेली.

पुन्हा ओळंबा. या वेळी लोलक
आसावरच उभा, शहाण्यासारखा.
"पैसे?"
"गवंड्याला चहा पाज."

पिएदादच्या चढावर मान वर झाली,
खाजणात बगळे होते.
रोजच असणार.

करंगळी अजून झोपलीय.
तिला आठवडा द्यायचा, म्हणालाय कायतान.
आणि प्रेमानंदला
फोनवर काय सांगायचं, ते मी बघेन.