रुईचं पान, तिसरा कागद

एकतीस वर्षं पिंपरीत गिअरची ड्रॉइंगं काढली.
रेघ चुकली तर लोखंड चुकायचं.
आता रविवारी, एम्प्रेस गार्डनच्या बाकावर,
मांडीवर फळी, शेजारी मुरांब्याच्या बाटलीत पाणी
आणि समोर रुईचं एक पान,
ज्याची एकही कड माझ्या ओळखीची नाही.

पान कालव्याच्या कडेचं. काल शनिवार होता,
धड पानं सगळी मारुतीच्या माळेत गेली;
मला उरलं हे, कुरतडलेलं.

"भोकंही काढा," देवस्थळीबाई म्हणाल्या.
कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यात,
रंगाच्या आधी शिरा मोजायला लावतात.
मोजल्या. डावीकडे सहा, उजवीकडे पाच.
"उजवीकडची सहावी अळीनं खाल्ली असावी."
"असावी नको. दिसतं तेवढंच."

पहिला कागद डबीतल्या हिरव्यानं बुडाला.
रुई तशी नसतेच; गिरणीवाल्याच्या शर्टासारखी,
हिरव्यावर पीठ बसलेली.
मग निळ्यात पिवळा, लालचा एक ठिपका, पाणी,
अजून पाणी, आणि बाई: "आता हात मागे."
हात मागे घेणं
मला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या कागदावर ओल्यात ओलं शिरलं,
देठापाशी फ्लॉवरचा गड्डा उगवला.
शेजारची अकरावीतली कावेरी फिसकन हसली,
मग स्वतःचा कागद दाखवला. तिचा गड्डा मोठा.

पांढरा डबीत नाही.
पांढरं म्हणजे कागदच, आधीपासून राखलेला,
उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं तसा.
मी विसरतो. दर वेळी
कुंचला शिरेवरून जाऊन येतो.

तिसऱ्यांदा पान उचललं
तर देठातून चीक ठिबकला, थेट कागदावर.
"डोळ्याला हात लावू नका!"
नळावर हात धुऊन आलो, थेंब वाळला होता.
म्हटलं असू दे, वरूनच रंग दिला.
रंग त्याला वळसा घालून गेला.
मधल्या शिरेच्या जरा डावीकडे
तांदळाएवढं पांढरं राहिलं.

बाईंनी चष्मा कपाळावर नेऊन
पान पाहिलं, कागद पाहिला.
"हे पानावर नाहीये."
"पानातलं आहे," मी म्हणालो.
त्या काही न बोलता कावेरीकडे वळल्या.

आवरताना पान उलटं केलं.
मागे अळी, काळ्यापिवळ्या पट्ट्यांची,
निवांत चरत होती.
आता डावीकडेही पाचच.